आईच्या दुधाचा माग काढणाऱ्या कमलताई

डॉ. कमल रणदिवे हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? शास्त्रज्ञ मंडळींत हे फार मोठं नाव. पद्मभूषण मिळालेलं. त्यांच्या १०४ व्या जन्मदिवशी, ८ नोव्हेंबर २०२१ ला, गूगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं. तरी आपल्या घराघरांत सावित्रीबाई ठाऊक असतात, आनंदीबाई ठाऊक असतात, कमलताई मात्र बहुतेक जणींना ठाऊक नसतात.

मी स्वतः कला शाखेची. पेशी, विषाणू हे शब्द दहावीनंतर सुटले ते सुटलेच. कमलताईंपर्यंत मी पोचले ते एका वेगळ्याच वाटेनं. आमच्या दिघोरीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत बचत गट, महिला मंडळ, अंगणवाडी असं काम करताना एक प्रश्न बायका हमखास विचारतात. तोही सगळ्यांसमोर नाही. बैठक संपली की, चपला घालता घालता, हळूच. आईला एचआयव्ही असला तर लेकराला अंगावर पाजावं की नाही? दुधातून ते बाळाच्या अंगात जातं म्हणतात, खरं का?

याचं उत्तर आरोग्य केंद्रातल्या सिस्टर देतात, ते मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि समजणं वेगळं. त्यामागचं कारण कळावं म्हणून मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं, की आईच्या दुधातून विषाणू पिल्लापर्यंत कसा जातो, या कोड्यावर एचआयव्हीचं नाव जगाला कळण्याच्या कितीतरी आधी मुंबईत काम चाललं होतं. आणि ते करणाऱ्यांत पुढे होती आपलीच एक मराठी बाई.

कमलताईंचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. मुलगे-मुली असा भेद न करता सगळ्यांनी शिकावं, असं वडिलांचं मत. कमलताईंची शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती म्हणतात. मुलीनं दोन्ही केलं नाही! तिनं वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास घेतला, आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते ज. त्र्यं. रणदिवे या गणितातल्या माणसाशी.

लग्नानंतर शिक्षण थांबलं असेल असं आपल्याला वाटेल. ते थांबलं नाही. १९४३ मध्ये त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाल्या. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी. आपण सीताफळ खाऊन बिया फेकतो, त्यांनी त्याच कुळाच्या पेशींच्या आत डोकावून पाहिलं. नवऱ्याची पूर्ण साथ होती. घर, संसार, पुढे मुलगा, हे सगळं सांभाळून हे चाललं होतं.

मुंबईत त्यांना गुरू भेटले ते डॉ. व. रा. खानोलकर. टाटा मेमोरिअल रुग्णालयातले मोठे रोगनिदानतज्ज्ञ. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी कशा वाढवायच्या, यात हे गाय वाकबगार. माणसाच्या पेशींचा जो पहिला वाण प्रयोगशाळेत न मरता वाढत राहिला, तो १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत तयार झाला. कमलताई ही विद्या शिकल्या आणि परत आल्या. तिकडेच राहिल्या नाहीत. बाहेर शिकायला गेलेल्यांनी शिकून परत यावं आणि इथं काम उभारावं, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत होता.

मुंबईत परळला १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं होतं. तिथं त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. अशी देशातली पहिली. १९६६ पासून काही वर्षं त्या केंद्राचं संचालकपदही त्यांनी सांभाळलं. बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणजे काय, हे त्या काळात कितीतरी पुरुषांना पहिल्यांदाच कळलं असणार!

आता येते मी दुधावर.

कमलताईंचा मुख्य विषय होता स्तनाचा कर्करोग. त्यासाठी उंदरांचे वेगवेगळे वाण पाळलेले. जसं आपल्याकडे धानाचं एक वाण किडीला लवकर बळी पडतं, दुसरं टिकून राहतं, तसंच उंदरांचंही. एका वाणाच्या माद्यांना हा कर्करोग फार होतो, दुसऱ्याला क्वचित. खानोलकर आणि कमलताईंनी अशा चार वाणांच्या उंदरांच्या स्तनांची बारकाईनं तुलना केली. फरक कुठे आहे? रक्ताच्या वारशात, शरीरातल्या संप्रेरकांत, की आणखी कशात?

या आणखी कशाततला एक धागा अमेरिकेतून आला होता. १९३६ मध्ये जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञानं एक साधा, पण डोकं चालवणारा प्रयोग केला होता. कर्करोग जास्त होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मताच उचलून दुसऱ्या, निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजायला ठेवली. त्या पिल्लांना मोठेपणी कर्करोग खूपच कमी झाला. म्हणजे कर्करोग घडवणारं काहीतरी आईच्या दुधातून येत होतं. पुढे कळलं की तो एक विषाणू आहे. वंश, संप्रेरकं आणि हा विषाणू यांचं एकमेकांत काय नातं आहे, हे उलगडण्यात कमलताईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली.

इथे एक गोष्ट ठळक सांगते, नाहीतर भलताच समज व्हायचा. ही गोष्ट उंदरांची आहे. माणसातही दुधात असे कण असतात का, हे १९७० च्या सुमारास मुंबईतल्या पारशी बायकांच्या दुधात तपासून पाहिलं गेलं होतं. पण माणसाचा स्तनाचा कर्करोग दुधातून लेकीकडे जातो असं सिद्ध झालं नाही. उलट, जी बाई बाळाला अंगावर पाजते तिला स्वतःला या कर्करोगाचा धोका थोडा कमीच होतो. तेव्हा या कारणानं कोणी बाळाचं दूध तोडू नका.

मग उंदरांचं हे सगळं आपल्याला कशाला? कारण उंदरांचा तो विषाणू आणि एचआयव्ही एकाच मोठ्या घराण्यातले आहेत. या घराण्याची खोड अशी, की पेशीत शिरल्यावर तो आपला मजकूर पेशीच्या मूळ पोथीतच लिहून ठेवतो. पोथीत मिसळलेलं पान मग फाडून काढता येत नाही. त्याहून चकित करणारी गोष्ट १९९० च्या दशकात उलगडली. उंदराच्या पिल्लाच्या पोटात दुधाबरोबर हा विषाणू जातो, तेव्हा आतड्याजवळ पहारा देणाऱ्या पेशी त्याला मारायला धावतात. विषाणूला तेच हवं असतं. तो त्या पेशींना खोटी हाकाटी करून जागं करतो, त्या भराभर वाढतात, आणि विषाणूला राहायला तेवढी जास्त घरं मिळतात. शेवटी त्या पहारेकरी पेशीच त्याला पिल्लाच्या स्तनापर्यंत पोचवतात. चोराला घर दाखवणारा पहारेकरी! एचआयव्हीची रीत अगदी हीच नाही, पण तोही शरीराच्या पहारेकरी पेशींवरच डल्ला मारतो.

एचआयव्हीचा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसला सापडला. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईला आढळला. तो शोध डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांचा. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, म्हणजे पुन्हा मराठी घरातल्याच. या आजाराच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे आपल्याच बायका उभ्या दिसतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता बैठकीतल्या त्या प्रश्नाकडे वळू. एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला लागण तीन वेळा होऊ शकते. पोटात असताना, बाळंत होताना आणि दूध पिताना. काहीच उपचार केले नाहीत तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे उपचाराविनासुद्धा निम्म्याहून जास्त बाळं सुटतात. आईनं वेळेवर औषधं घेतली, बाळाला औषध दिलं, तर हे प्रमाण १०० मध्ये ५ च्याही खाली येतं. हा आकडा मी प्रत्येक बैठकीत सांगते. कारण आपल्याकडे आईला आहे म्हणजे लेकराला असणारच, असं धरूनच चालतात.

दुसरी गोष्ट बाळाच्या तपासणीची. प्रत्येक आई पोटातल्या बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून एक शिदोरी बांधून देते. आईच्या रक्तात निरनिराळ्या रोगांशी लढणारे जे घटक असतात, ते बाळाच्या रक्तात उतरतात. बाळाची स्वतःची ताकद तयार होईपर्यंत ही शिदोरी पुरते. आईला एचआयव्ही असेल तर त्याच्याशी लढणारे घटकही शिदोरीत येतात. त्यामुळे बाळाची नेहमीची तपासणी केली तर ती पॉझिटिव्ह दिसते, बाळ निरोगी असलं तरी! दीड वर्षाचं होईपर्यंत असं दिसू शकतं. म्हणून लहान बाळासाठी वेगळी तपासणी असते. टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात, आणि त्यात प्रत्यक्ष विषाणू आहे का ते शोधतात. पहिली सहा आठवड्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं, आणि शेवटचा निर्णय दीड वर्षानंतर, अंगावरचं दूध सुटल्यावर. पहिला कागद पाहून कपाळावर हात मारून घेऊ नये.

आणि ज्या बाळांना लागण झालीच नाही, त्यांचं काय? तीही थोडी नाजूक असतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्ही असलेल्या आयांच्या, पण लागण न झालेल्या बाळांची जन्मतःची शिदोरी हलकी असल्याचं त्यात दिसलं. डांग्या खोकला, धनुर्वात अशा रोगांविरुद्धचं संरक्षण इतर बाळांपेक्षा कमी. पण आनंदाची गोष्ट अशी, की लसी दिल्यावर याच बाळांची ताकद इतर बाळांइतकी भक्कम तयार झाली. म्हणजे आईची शिदोरी थोडी कमी पडली, तरी ती भरून काढता येते. अट एकच, लस ठरलेल्या तारखेला. रोवणी चालू आहे, पाहुणे आले, असं म्हणून पुढे ढकलायची नाही. यातल्या कोणत्या बाळाला कोणती लस कधी, हे डॉक्टरांनाच विचारावं.

आता दूध. आईच्या दुधात विषाणू असू शकतो, हे खरं. पण त्याच दुधात त्याच्याशी लढणारे घटकही असतात, आणि हगवणीपासून, न्यूमोनियापासून वाचवणारेही असतात. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या डॉक्टरांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ज्या बाळांना फक्त आईचं दूध मिळालं, त्यांच्यापेक्षा ज्यांना आईचं दूध आणि सोबत वरचंही दिलं, त्या बाळांना लागण जास्त झाली. बाळाच्या कोवळ्या आतड्याला वरचं दूध, पाणी, मध, घुटी यानं इजा होते, आणि विषाणूला वाट मिळते, असं त्याचं कारण सांगतात.

आपल्या महाराष्ट्रानंही यात हातभार लावलाय. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, इथिओपिया आणि युगांडाच्या बरोबरीनं, एक मोठा अभ्यास झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मल्यावर नेविरापिन या औषधाचा एकच डोस देण्याऐवजी सहा आठवडे रोज दिलं, तर त्या वयापर्यंतची लागण जवळपास निम्म्यावर येते, असं त्यात दिसलं. त्या अभ्यासात आपल्या बाळांना घेऊन आलेल्या पुण्याच्या आया कोण होत्या, त्यांची नावं कुठं छापलेली नाहीत. छापायचीही नसतात. पण त्यांच्या हिमतीचं देणं आपल्यावर आहे.

२०१४ पासून आपल्या देशात एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला कायमची औषधं फुकट सुरू करतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर दुधासोबत वरचं अन्न, आणि बाळाला जन्मल्यापासून ठरलेले आठवडे औषध, असा सल्ला देतात. सहा आठवड्यांपासून इतर संसर्ग होऊ नयेत म्हणून आणखी एक औषध असतं. आईनं गोळ्या चुकवल्या नाहीत तर रक्तातला विषाणू इतका दबतो, की दुधाची भीती फारच कमी उरते.

हे सगळं कागदावर सोपं वाटतं. घरात ते किती अवघड असतं, ते सांगते. नाव-गाव सांगणार नाही. धानपट्ट्यातलंच एक घर. मुलगा याच आजारानं गेलेला. सून बाळंत झाली. तिच्या गोळ्या चालू होत्या. पण सासूबाईंनी नातवाला म्हशीचं दूध पाणी घालून सुरू केलं, वर घुटी. सुनेला छातीत दूध दाटून कळा यायच्या, तेव्हा रात्री ती चोरून पाजायची. म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच चाललं होतं. आणि कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलगा गेला, निदान नातू तरी राहावा, एवढंच त्या म्हातारीला हवं होतं.

सिस्टर आणि मी दोनदा गेलो. विषाणू, आतडं हे शब्द त्यांच्या कानावरून गेले. मग मी बांधीतलं उदाहरण दिलं. नवा धुरा घातला की तो ओला, कच्चा असतो. खेकड्यानं भोक पाडलं की सगळं पाणी तिथून जातं. बाळाचं पोट म्हणजे असा नवा धुरा. वरचं दूध आणि घुटी म्हणजे खेकडा. सहा महिने धुऱ्याला हात लावू नका, तो आपोआप पक्का होतो. हे त्यांना पटलं. त्यांनी घुटीची सहाण स्वतः उचलून ठेवली. पुढे बाळाच्या औषधाची वेळ त्याच सांभाळायच्या, सुनेच्या गोळ्यांचीही. दीड वर्षानंतरची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. त्या दिवशी त्या बाईनं सुनेला जवळ घेतलं. मुलाच्या मरणानंतर पहिल्यांदाच, असं सून नंतर म्हणाली.

म्हणूनच मला कमलताईंच्या आयुष्याचा शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. उंदीर आणि काचेची भांडी यांच्यात आयुष्य गेलेली ही बाई नंतर गावाकडे वळली. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. खेड्यातल्या बायकांना आरोग्य आणि आहाराचं शिक्षण दिलं, त्यांच्यातूनच आरोग्यसेविका तयार केल्या. आज आपल्या गावात आशाताई जे काम करतात, त्याचं मोल त्यांनी आधीच ओळखलं होतं. प्रयोगशाळेत सापडलेलं सत्य घराच्या उंबरठ्यापर्यंत नेणारी बाई गावातलीच लागते, हे त्यांना कळलं होतं.

शिकलेल्या बायकांसाठीही त्यांनी घर बांधलं म्हणा ना! १९७३ मध्ये काही मैत्रिणींबरोबर त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशीला या संघटनेचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. बाईला विज्ञान करायचं तर आधी लेकराला सांभाळणारं कोणीतरी हवं, हे स्वतः संसार केलेल्या बाईलाच सुचणार!

कुष्ठरोगावरचं त्यांचं कामही मोठं. १९५८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळवलेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्यांच्याच संस्थेत त्यापासून कुष्ठरोगाची लस तयार करण्यात आली. कुष्ठरोग, कर्करोग... ज्या रोगांचं नाव काढलं की माणसं दोन पावलं मागे सरतात, तेच या बाईनं निवडले.

११ एप्रिल २००१ ला कमलताई गेल्या. त्यांना जाऊन आता दोन तपं उलटली. त्यांनी एचआयव्हीवर काम केलं असं मी म्हणत नाही. पण दुधातून काय जातं, या प्रश्नाला त्यांनी घाबरून दूध तोडण्याचं उत्तर दिलं नाही. बसून, वर्षानुवर्षं, एकेक पेशी पाहत त्या शोधत राहिल्या. आपल्याला प्रयोगशाळा नाही. पण एवढं आपल्याला जमतं: गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करून घ्या, म्हणजे बाळाला वाचवायला पुरेसा वेळ मिळतो. कोणाचा रिपोर्ट कळला तर तो आपल्यापाशीच ठेवा. विश्वासानं सांगितलेलं गावभर करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि माणुसकीनं तर आधीपासूनच आहे. शंका असेल तर १०९७ हा फुकटचा नंबर लावा, किंवा सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाला विचारा.

आणि शेजारच्या घरी अशी बाळंतीण असेल तर बारशाला जा. बाळाला मांडीवर घ्या. मांडीवर घेतल्यानं काही होत नाही.